वास कचऱ्याचा, मिथेन कुणाचा? पूर्व उपनगरातल्या एका वसाहतीचं प्रकरण

पार्श्वभूमी

मुंबईच्या पूर्व उपनगरातली ही वसाहत. सात इमारती, एका अंगाला रेल्वे, दुसऱ्या अंगाला उघडा नाला, आणि नाल्याच्या पलीकडे दोन-अडीच किलोमीटरवर डम्पिंग ग्राउंड. वसाहतीचं नाव देत नाही, आणि ओळख पटू नये म्हणून काही तपशीलही बदलले आहेत. मी त्याच पट्ट्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. आमच्याकडे एक जुना गॅस क्रोमॅटोग्राफ, म्हणजे मिश्रणातले वायू वेगळे करून मोजणारं यंत्र, आहे, आणि आठवड्यातून दोन दिवस पहाटे उठायला तयार असलेल्या चार विद्यार्थिनी होत्या. एवढ्याच भांडवलावर हे काम झालं.

हिवाळ्यात वसाहतीत पहाटे वास सुटायचा. लोक खिडक्या लावून झोपायचे. त्यात वसाहतीतल्या एका निवृत्त इंजिनिअर काकांनी ऑनलाइन मिथेन मीटर मागवला आणि गेटवरच्या केबिनमध्ये ठेवला. मीटरचा आकडा रोज पहाटे चढायचा आणि दुपारी उतरायचा. वास पहाटे, आकडाही पहाटे, म्हणजे गॅस डम्पिंगचाच असा हिशेब लागला. सोसायटीच्या समितीला तक्रार अर्ज करायचा होता आणि त्याला जोडायला ‘शास्त्रीय पुरावा’ हवा होता. समस्थानिकांवरून, म्हणजे एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनाच्या अणूंवरून, गॅसचा उगम कळतो, हे कुणीतरी वर्तमानपत्रात वाचलं होतं. सेक्रेटरी मला म्हणाले, “मॅडम, गॅसचा डीएनए काढता येतो ना? तुम्ही फक्त एवढं लिहून द्या, की हा गॅस तिकडचाच आहे.”

त्यांचा संशय अगदीच हवेतला नव्हता. मुंबईचा कचरा पूर्वेच्या खाडीकाठी साचवायची रीत जुनी आहे. देवनारला १९२७ पासून कचरा पडतो आहे. गोराईची जागा झाकून तिथे गॅस गोळा करायच्या नळ्या बसवल्या गेल्या, मुलुंडला कचरा टाकणं २०१८ मध्ये थांबलं, आणि उरलेला भार पूर्वेच्याच पट्ट्यावर आला. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ब्युनोस आयरिस, दिल्ली, लाहोर आणि मुंबई या चार शहरांतल्या कचराभूमी उपग्रहांवरून पाहिल्या होत्या. तिथून तासाला ३ ते २९ टन मिथेन निघतो असं त्यात दिसलं. शंभर वर्षांचा हिशेब केला तर वजनाला वजन मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट तापवतो. तेव्हा प्रश्न नाकातल्या वासापुरता नव्हता.

तरी पहिल्याच बैठकीत एक गोष्ट सांगावी लागली, आणि ती कुणाला आवडली नाही. मिथेनला वास नसतो. कचऱ्याचा जो वास येतो तो हायड्रोजन सल्फाइड आणि तसल्या गंधकयुक्त वायूंचा. दोन्ही एकाच ढिगातून निघू शकतात, पण वास आला म्हणून मिथेन तिथूनच आला असं म्हणता येत नाही. काकांचा मीटरही त्या कामाचा नव्हता. तसले स्वस्त सेन्सर दमट हवेलाही दाद देतात, आणि मुंबईच्या पहाटेला दुसरं काय असतं?

नेमका प्रश्न

कार्बनचे बहुतेक अणू १२ वजनाचे असतात. शंभरात साधारण एक १३ वजनाचा. दोन्ही स्थिर, किरणोत्सारी नाहीत. त्यांचं प्रमाण मात्र प्रत्येक उगमाकडे थोडं वेगळं असतं. ऑक्सिजन नसलेल्या चिखलात, कचऱ्यात किंवा गुरांच्या पोटात मिथेन बनवणारे सूक्ष्मजीव हलका कार्बन आधी उचलतात, म्हणून त्यांचा मिथेन हलका असतो. जमिनीखाली लाखो वर्षं उष्णतेने शिजलेला गॅस त्यामानाने जड, आणि लाकूड किंवा पालापाचोळा जळताना निघणारा मिथेन सगळ्यांत जड. हा फरक एका ठरलेल्या मानकाशी तुलना करून दर हजारात मोजतात. मूळ मानक अमेरिकेतल्या पी डी या खडकथरात सापडलेल्या, बेलेम्नाइट नावाच्या प्राण्याच्या जीवाश्माचं. त्या मापात जैविक मिथेन साधारण उणे ५५ ते उणे ६५, नैसर्गिक वायू जगभराच्या सरासरीने उणे ४४ च्या आसपास, आणि आगीतला मिथेन उणे २० ते ३० मध्ये पडतो. मोकळ्या हवेतला आज उणे ४७-४८ च्या घरात आहे.

जागतिक पातळीवर याच तर्काने मोठं काम झालं आहे. २००७ पासून हवेतला मिथेन पुन्हा वाढायला लागला आणि त्याचबरोबर त्याचं डेल्टा कार्बन-१३, म्हणजे याच मापातला आकडा, हलक्या बाजूला सरकायला लागलं. वाढीत जैविक उगमांचा, म्हणजे पाणथळ जमिनी, गुरं आणि कचरा यांचा वाटा मोठा असावा असं म्हणतात, ते बरंचसं यावरूनच. पृथ्वीच्या बाबतीत जे जमतं ते सात इमारतींच्या वसाहतीत जमेल का, हा आमचा प्रश्न होता.

समितीचा प्रश्न होता: “गॅस डम्पिंगचा आहे ना?” तो आम्ही बदलून घेतला. पहाटे वसाहतीच्या हवेत मिथेन नेहमीपेक्षा वाढतो का? आणि वाढतो तो भाग कुठल्या उगमाचा दिसतो? हा बदल सेक्रेटरींना शब्दांचा खेळ वाटला. मला मात्र हाच या कामातला पहिला खरा निर्णय वाटतो. ‘डम्पिंगचा आहे ना’ असं विचारलं, की हो म्हणणारा एक आकडा मिळाला तरी माणूस तिथेच थांबतो.

तपासलेले पर्याय

सुरुवातीला विद्यार्थिनींना कार्बन डायऑक्साइडही मोजायचा होता. तो लगेच बाजूला ठेवला. आपल्याकडची बहुतेक झाडं उणे २७ च्या आसपास असतात, पेट्रोल-डिझेलही जवळपास तिथेच. रात्री झाडांनी आणि मातीने सोडलेला वायू आणि गाड्यांचा धूर यांत या एका आकड्याने फरक करता येत नाही. त्यासाठी किरणोत्सारी कार्बन-१४ मोजावा लागतो; जुन्या इंधनात तो उरलेलाच नसतो. ते यंत्र आणि तो खर्च आमच्या आवाक्यातला नव्हता.

मिथेनसाठी संशयित चार: डम्पिंग, नाला, घराघरांत पाइपने येणारा गॅस आणि रेल्वेपलीकडचा छोटा तबेला. तबेला मी यादीतून काढला, कारण हिवाळ्यात पहाटेचा वारा त्या बाजूने येत नाही. आता तो निर्णय मला घाईचा वाटतो. म्हशींचा मिथेन त्यांच्या वैरणीवर अवलंबून असतो. भाताचा पेंढा खाल्ला तर हलका, ज्वारीचा कडबा किंवा उसाचं वाढं खाल्लं तर बराच जड, कारण ज्वारी आणि ऊस प्रकाशसंश्लेषण वेगळ्या वाटेने करतात. तबेल्यात काय घालतात ते नुसतं जाऊन विचारलं असतं तरी एक संशयित नीट ओळखता आला असता.

मोजायचं कसं, हा पुढचा पेच. आमच्या क्रोमॅटोग्राफवर मिथेनची सांद्रता, म्हणजे हवेतलं प्रमाण, आणि, पुरेसा असेल तर, जमिनीखालच्या गॅसमध्ये मिथेनसोबत असणारं इथेन मोजता येत होतं. समस्थानिकांसाठी नमुने दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेत पाठवायचे होते. तिथे रांग होती, आणि कार्बनबरोबर हायड्रोजनचं समस्थानिक, म्हणजे ड्युटेरियमही मोजायचं तर प्रत्येक नमुन्यासाठी जास्त हवा आणि जास्त पैसे लागत होते. मी पैसे वाचवले. पहिल्या फेरीत फक्त कार्बन.

पहिली फेरी, जी वाया गेली

जानेवारीत एका आठवड्यात आम्ही बारा पिशव्या भरल्या. आतून अॅल्युमिनियमचा थर असलेल्या, एकेक लिटरच्या. हवा कोरडी करायला पुढे रसायनाची नळी लावली होती. सगळं नियमाप्रमाणे होतं, फक्त वेळ चुकली: सकाळी अकरा ते दुपारी तीन. मुलींची प्रॅक्टिकल्स दहाला संपायची आणि त्यानंतरच त्या मोकळ्या असायच्या. खरं कारण इतकं साधं.

खारे वारे आणि मतलई वारे आपण शाळेच्या भूगोलात शिकतो. दिवसा समुद्राकडून जमिनीकडे, रात्री जमिनीकडून समुद्राकडे. मुंबईच्या हिवाळ्यात पहाटे हवा जमिनीलगत थंड होऊन बसते, वर गरम हवेचं झाकण असतं, आणि त्याखाली जे निघतं ते साचतं. साडेदहा-अकराला खारा वारा सुरू झाला की सगळं धुऊन निघतं. आम्ही नेमके धुऊन झाल्यावर पोचलो. बाराही पिशव्यांत मिथेन दोन पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत दोन भागांच्या, जरासाच वर निघाला.

याने एवढं का बिघडलं ते सांगते. चार्ल्स डेव्हिड कीलिंग यांनी १९५८ साली एक सोपी युक्ती मांडली. उभ्या अक्षावर समस्थानिकाचा आकडा घ्यायचा, आडव्या अक्षावर सांद्रतेचा व्यस्तांक, म्हणजे एक भागिले सांद्रता. वाढणाऱ्या वायूचा उगम एकच असेल तर बिंदू सरळ रेषेत येतात, आणि ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते तो त्या उगमाचा आकडा. पाण्यात सरबताचा अर्क थोडा थोडा मिसळत गेलो, तर नुसता अर्क कसा लागेल याचा अंदाज बांधता येतो, तसंच. पण सगळ्या पेल्यांत अर्काचा एकेकच थेंब असेल तर अंदाज कशाच्या जोरावर बांधणार? आमची रेषा उणे ३५ पासून उणे ७० पर्यंत कुठेही नेता येत होती. आगीतला सोडला तर त्या पट्ट्यात जगातला जवळजवळ प्रत्येक मिथेन बसतो.

निकाल तीन आठवड्यांनी आला. तोवर समितीत “मॅडमचे रिपोर्ट येतायत” असं पसरलं होतं. रिपोर्टात काही नाही, हे सांगायला जाणं जड गेलं.

दुसरी फेरी

फेब्रुवारीत सहा पहाटा ठरवल्या. साडेचार ते साडेसात, दर तासाला एक अशा चार पिशव्या. शिवाय एक दुपार पश्चिमेला समुद्रकिनाऱ्यावर, खारा वारा अंगावर घेत, पार्श्वभूमीचा नमुना घ्यायला. किनाऱ्याची कल्पना माझी नाही. गोव्यात कॅबो द रामाला १९९३ पासून अनेक वर्षं बाटल्यांत हवा भरून तपासायला पाठवत असत, आणि ऋतू बदलला की समुद्राकडची हवा आणि उपखंडावरून आलेली हवा किती वेगळी दिसते ते त्या नोंदींतून कळलं. स्वच्छ हवा कुठल्या दिशेने येते हे आधी ठरवायचं, मग मोजायचं, हे तिथून घेतलं.

वाऱ्याची दिशा पाहायला एका मुलीने पहिल्या दिवशी उदबत्ती आणली होती. धुरातला मिथेन नगण्य असता, पण नमुन्याच्या नळीशेजारी काही जाळायची सवयच नको. गेटच्या खांबाला रिबन बांधली.

या वेळी उगमांचे आकडे पुस्तकातून घ्यायचे नाहीत असं ठरवलं. नाल्यात उलटं नरसाळं धरून काठीने गाळ ढवळला आणि वर येणारे बुडबुडे पकडले. डम्पिंगच्या आत जायची परवानगी मिळाली नाही; कुंपणाबाहेरच्या रस्त्यावर, वारा तिकडून असताना, पिशव्या भरल्या. गॅसचा नमुना वसाहतीतल्या एका स्वयंपाकघरातून, तंत्रज्ञ समोर असताना, खिडक्या उघड्या ठेवून घेतला. तो निर्णय उपयोगी पडला. शेगडीतल्या गॅसचा आकडा जागतिक सरासरीपासून तीन-चार एककांनी सरकलेला निघाला. समुद्रातल्या विहिरींचा आणि जहाजाने येणारा आयात गॅस मिसळून येतो, तेव्हा सरासरी आकडा इथे चालावा असं कारणच नव्हतं.

पहाटेच्या कामात किरकोळ गोंधळ बरेच झाले, पण त्यातला एक मोलाचा ठरला. तिसऱ्या दिवशी एका पिशवीचा आकडा एकदम वर गेला होता. नोंदवहीत त्या मुलीने लिहून ठेवलं होतं: “५:४०, सीएनजी रिक्षा शेजारी उभी, इंजिन चालू, दादा चहा पीत होते.” पिशवी बाद. ती ओळ नसती तर त्या एका बिंदूने रेषा वाकवली असती आणि आम्ही तिच्यावर अर्धा अहवाल लिहिला असता. सहाव्या दिवशी वॉचमन दादांनी नळीकडे वारा येतो त्याच बाजूला पाचोळ्याची शेकोटी पेटवली. ती पहाट पूर्ण बाद.

फोन उशिरा केला

मिथेन आणि इथेन आम्ही त्याच दिवशी कॉलेजात मोजत होतो. समस्थानिकांचे निकाल यायला वेळ होता. चौथी पहाट शुक्रवारची. वारा पडलेला, रिबन लोंबत होती. गेटजवळच्या पिशवीत मिथेन बाकीच्यांच्या कितीतरी पट निघाला आणि यंत्राच्या आलेखावर त्याच्या पुढे इथेनचं छोटं पण स्पष्ट शिखर दिसलं. सूक्ष्मजीव मिथेन बनवतात तेव्हा इथेन जवळजवळ बनतच नाही. इथेन म्हणजे जमिनीखालचा गॅस, म्हणजे इथे पाइपमधला.

मला शंका यंत्राची आली. नळी अस्वच्छ असेल, आधीच्या शेगडीच्या नमुन्याचा अंश राहिला असेल. पुन्हा तपासून मगच बोलावं म्हणून मी सोमवारपर्यंत थांबले. सोमवारी पुन्हा तेच शिखर आलं. मग सेक्रेटरींना फोन, त्यांचा गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन, आणि दोन तासांत पथक आलं. गेटच्या आत, पेव्हर ब्लॉकखालच्या लाइनच्या एका जोडातून गळती होती. दिवाळीआधी सोसायटीनेच नेमलेल्या कंत्राटदाराने ब्लॉक बसवताना खणलं होतं, तेव्हा धक्का बसला असावा. त्याच दिवशी दुरुस्ती झाली.

दुर्घटना झाली नाही. पण तीन रात्री मी शास्त्रीय शिस्तीच्या नावाखाली वाट पाहिली, आणि गेटशेजारी वॉचमन दादा बिडी ओढत होते. यंत्र चुकीचं निघालं असतं तर पथकाची एक फेरी फुकट गेली असती, एवढंच. गळतीचा संशय आल्याक्षणी फोन करायचा आणि खात्री नंतर करत बसायची, हा क्रम मुलींना मी आता पहिल्या दिवशी सांगते.

गॅसला मुद्दाम घातलेला वास असतो, मग कुणाला आला कसा नाही? वास देणारा पदार्थ मातीतून झिरपताना मातीत अडकू शकतो. जमिनीखालच्या गळतीत गॅस वर येतो आणि वास मागे राहतो. जो थोडा वर आला असेल तो डम्पिंगच्या वासात हरवला. लोकांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या.

एक आकडा, तीन गोष्टी

मार्चच्या अखेरीला समस्थानिकांचे निकाल आले. पूर्वेकडून मंद वारा होता त्या दोन पहाटांचे बिंदू चांगले रेषेत होते आणि छेद उणे ५७ च्या आसपास पडला. उघड जैविक. वारा पडलेल्या, दुरुस्तीआधीच्या दोन पहाटांचे बिंदू विखुरलेले, आणि ओढूनताणून काढलेली रेषा उणे ५० च्या जवळ.

हा उणे ५० चा आकडाच मला या प्रकरणात सगळ्यांत शिकवून गेला. समजा जैविक मिथेन उणे ५८ आणि गॅस उणे ४२. दोघांचं निम्मं-निम्मं मिश्रण बरोबर उणे ५०. आता गॅस विसरा आणि शेकोटीचा मिथेन उणे २५ धरा. जैविकात साधारण पाव भाग शेकोटी मिसळली की पुन्हा उणे ५०. आणि तिसरी शक्यता, कशाचंही मिश्रण नाही, सगळा मिथेन डम्पिंगचाच. कचऱ्यावरच्या मातीच्या थरात मिथेन खाणारे जिवाणू असतात. तेही हलका घास आधी घेतात, त्यामुळे थरातून वाचून बाहेर येणारा मिथेन जड होत जातो. उणे ५८ ने निघालेला वर येईपर्यंत उणे ५० होऊ शकतो. समितीला हवी होती ती गोष्टही त्याच आकड्यात बसत होती. पहिल्या फेरीत ड्युटेरियमचे पैसे वाचवल्याचा मला पश्चात्ताप झाला तो इथे.

नशिबाने दुसऱ्या फेरीतल्या काही पिशव्यांत हवा उरली होती. निवडक सहा नमुने ड्युटेरियमसाठी परत पाठवले. या मापात जैविक मिथेन साधारण उणे ३०० च्या आसपास किंवा खाली असतो, आणि जमिनीखालचा उणे १८०-२०० च्या बाजूला. पूर्ववाऱ्याच्या नमुन्यांचा उगम स्पष्ट जैविक दिसला. वारा पडलेल्या पहाटांचे नमुने दोन्हींच्या मध्ये पडले, पाव भाग शेकोटीने सरकले असते त्यापेक्षा बरेच जास्त. त्या दिवशी कार्बन मोनॉक्साइडचा मीटरही शांत होता, म्हणजे आग नव्हती. इथेन होतंच. दुरुस्तीनंतरच्या एका शांत पहाटेचा छेद जैविक बाजूला सरकला आणि इथेनचं शिखर गेलं. ही एकच पहाट आहे, चार बिंदूंची, तिच्यावर फार भार टाकत नाही. पण गळती बंद होणं हा आम्ही न आखलेला प्रयोगच झाला.

काय लिहून दिलं

दोन पानांचा अहवाल दिला. पूर्वेकडून वारा असताना पहाटे वसाहतीत वाढणारा मिथेन जैविक आहे. वारा नसताना त्यातला मोठा भाग दुरुस्तीपूर्वी वसाहतीच्याच गळतीचा होता. जैविक भाग डम्पिंगचा किती आणि नाल्याचा किती, हे या मोजमापांनी वेगळं करता येत नाही. दोन्ही एकाच दिशेला आहेत आणि दोघांचे आकडे एकमेकांत मिसळतात. कुंपणाबाहेरच्या नमुन्यांत सांद्रता वसाहतीपेक्षा बरीच जास्त होती, हे लिहिलं. ‘सगळा गॅस डम्पिंगचा’ हे वाक्य लिहिलं नाही.

बैठकीत सेक्रेटरी म्हणाले, “मॅडम, आम्ही तक्रार करायला निघालो होतो आणि तुम्ही आमचीच लाइन गळते हे काढलंत.” हसले सगळे, पण काकांना ते लागलं. त्यांचं म्हणणं, जैविक म्हणजे डम्पिंगच, नाल्याचं नाव कशाला घ्यायचं? मी त्यांना बुडबुड्यांचा आकडा दाखवला. ते म्हणाले, “यंत्राने एकदा सांगितलं ना, मग लिहून टाका की.” यंत्राने नेमकं तेच सांगितलेलं नाही, हे त्यांना पटवण्यात मी कमी पडले. अर्ज शेवटी गेला, वासाच्या आणि उघड्या नाल्याच्या मुद्द्यावर. मिथेनचा परिच्छेद आमच्या शब्दांत, आमच्या मर्यादांसकट. त्यावर अजून काही उत्तर आलेलं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

पहाटेची वेळ पहिल्या दिवसापासून धरायला हवी होती. आमचं वेळापत्रक वाऱ्याच्या वेळापत्रकापेक्षा मोठं मानलं आणि महिना गेला.

ड्युटेरियम सगळ्या नमुन्यांचं परवडलं नसतं, पण पिशव्या दुप्पट मोठ्या घेतल्या असत्या तर नंतर निवडायला हवा उरली असती. ती उरली ते केवळ योगाने.

पूर्ववाऱ्याच्या दिवशी नाल्याच्या अलीकडे आणि पलीकडे एकाच वेळी नमुने घेतले असते, तर डम्पिंग आणि नाला यांची फोड करायचा निदान प्रयत्न झाला असता. दोन पंप लागले असते. एक होता, दुसरा शेजारच्या कॉलेजकडून मागता आला असता. मागायचं सुचलं नाही.

आणि बैठकीत पहिल्याच दिवशी, नमुने घेण्याआधी, समितीसमोर कागदावर लिहायला हवं होतं: आकडा असा आला तर काय म्हणू, तसा आला तर काय म्हणू. तेव्हा कुणालाच उत्तर माहीत नव्हतं, म्हणून सगळे मान्य झाले असते. निकाल हातात आल्यावर ही चर्चा केली, आणि तोवर प्रत्येकाचा आवडता संशयित ठरलेला होता.

आता

येत्या हिवाळ्यात दोन पंप घेऊन नाल्याच्या दोन्ही काठांवर बसायचं ठरलं आहे. तबेल्यात जाऊन वैरण विचारून झाली: पावसाळ्यात हिरवा चारा, एरवी पेंढा आणि थोडा कडबा. काकांचा मीटर अजून केबिनमध्येच आहे. दमट रात्री तो नेमाने चढतो. वॉचमन दादा त्याच्याकडे बघत नाहीत. खांबाची रिबन कुठल्या बाजूला उडते ते बघतात, आणि वास आला की वहीत दिशा लिहून ठेवतात. वही मुलींनी दिली आहे, रकाने आखून.